अपेक्षित उत्तराचा रकाना

४ डिसेंबर

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, वर बिस्किटं — तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार!

पडलंच. बी.एड.च्या पोरांना यंदापासून प्रोग्रामिंग आहे. म्हणजे कॉम्प्युटरला काम कसं सांगायचं ते. शिकवायला अकोल्याची एक मुलगी येते, गुलनार नावाची, तासिकेवर. वर्ष संपलं की ठरवायचं, हा विषय ठेवायचा की बंद करायचा. त्यासाठी कुणाचा तरी अहवाल पाहिजे. तो मी लिहायचा. तिच्या तासाला मागे बसायचं, पाहायचं आणि मार्चमध्ये लिहून द्यायचं.

"माझा काय संबंध, सर? मी गणिताची."

"म्हणूनच तं तुमाले सांगून राहिलो. वेळापत्रकात जागा एकच आहे, मॅडम. तिचा विषय राह्यला तं तुमचे गणित-अध्यापनाचे तास जातीन. बंद झाला तं तुमी आहाच! पाहा आता तुमीच."

सरळ मराठीत सांगायचं तर दोन ओळी वाईट लिहा आणि आपली खुर्ची सांभाळा. माणूस वाईट नाही. त्याला वाटतं, माझ्यावर उपकारच करतोय.

निवृत्त झाल्यावरसुद्धा कॉलेजने मला तासांवर ठेवून घेतलं, म्हणून माझं बरं चाललंय. नाहीतर राजापेठेतल्या त्या तीन खोल्यांत मी दिवसभर काय करणार? शेजारच्या लीलाबाई म्हणतात, "आता टीव्ही पाहा, दुपारी भजनाले या." टीव्ही मला पाहवत नाही आणि भजनात माझा सूर लागत नाही. वर्गात उभी राहिले की मी बरी असते. एवढंच माझं दुखणं आणि एवढंच औषध.

लिहीन दोन ओळी. त्यात काय!

६ डिसेंबर

तिचा तास. मागच्या बाकावर जाऊन बसले, चष्मा नाकावर घेतला. पोरं बावरली. माझ्यासमोर ती नेहमीच बावरतात, आणि मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

गुलनार नाही बावरली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. आवाज खणखणीत. कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बाईंनी आधी खडू मागितला! फळ्यावर तीन ओळी लिहिल्या:

अ = ५
ब = अ
अ = ८

"आता ब किती? आधी बोला, मंग चालवा. बोलल्याबिगर कोणी बटन दाबायचं नाही."

सगळा वर्ग म्हणाला, आठ. मग ती थेट माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी बी सांगा ना."

मी! मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकाला कुणी प्रश्न विचारतं का? पण विचारलं तर सांगायला नको? म्हटलं, "आठ. अ आणि ब सारखे आहेत, अ आठ झाला की ब आठ. पाचवीतल्या पोरालाही कळेल."

तिने बटण दाबलं. पाच.

पोरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पटकन खाली. मला वाटलं, आता ही म्हणणार, मॅडमचं चुकलं. पण तिचा चेहरा असा खुलला की जणू लॉटरी लागली. "वा! आपलं सगळ्यायचं एकच उत्तर, आन मशीनचं येगळंच. आता मजा येईन. काहून झालं असं?"

बराच वेळ पोरं भांडली. शेवटी मोझरीची दामिनी — एरवी वर्गात तिचा आवाज ऐकायला कान टवकारावे लागतात — ती म्हणाली, "हे दोन डबे आहेत, मॅडम. अ मधली चिठ्ठी पाहून ब मध्ये तशीच चिठ्ठी टाकली. मंग अ ची बदलली. ब ले काय माहीत?" गुलनारने खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसली. दामिनीने फळ्यावर डबे काढले.

घरी येईपर्यंत धुसफुसत होते. बरोबरचं चिन्ह म्हणजे बरोबर! उभा जन्म हेच शिकवलं मी. भाजी फोडणीला टाकली, मीठ घालायचं विसरले.

९ डिसेंबर

आज तिने फळ्यावर लिहिलं: अ = अ + १. माझ्या हातात लाल पेन असतं तर —!

१६ डिसेंबर

आमची पोरं प्रोग्रामसुद्धा पाठ टाचणासारखा, म्हणजे पाठाच्या आराखड्यासारखा, लिहून आणतात. आधी फेअर वहीत. समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा, हिरव्या पेनाने उद्दिष्टं. दामिनीने तर 'पूर्वज्ञान' पण लिहिलं होतं. गुलनार वह्या हातात घेऊन पाहतच राहिली. म्हणाली, "इतकं सुंदर तं मी माझ्या निकाहच्या पत्रिकेत बी नाही पाह्यलं." पोरं हसली. मीही.

मग एकमेकांचे प्रोग्राम पाहायला सांगितले. आमच्याकडे सहाध्यायी निरीक्षणाची पद्धत आहे — आधी दोन चांगल्या गोष्टी बोलायच्या, नंतर सूचना. पोरांनी तेच केलं. शिवम उभा राहून म्हणतो, "मांडणी आकर्षक. अक्षर वळणदार. सूचना — प्रोग्राम चालत नाही."

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. अहवालासाठी काहीच लिहून घेतलं नाही.

२० डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

काम असं होतं — विद्यार्थ्याचे तीन चाचण्यांचे गुण घ्यायचे, सरासरी सांगायची. नमुन्याला तिने गुण दिले होते: सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर. पहिला हात शिवमचा. अंजनगाव सुर्जीचा हा पोरगा माझा लाडका. गेल्या पाच-सहा वर्षांत इतका आखीव पाठ घेणारा मी पाहिला नाही. त्याने चालवलं. पडद्यावर आलं: सरासरी ७२. अगदी बरोबर! मीच टाळी वाजवणार होते.

गुलनार म्हणाली, "आता दहा, वीस, तीस टाका."

टाकलं. सरासरी ७२.

"शून्य, शून्य, शून्य."

सरासरी ७२.

वर्गात हशा. शिवमच्या कानाच्या पाळ्या लाल. त्याने मशीनला बेरीज सांगितलीच नव्हती. नुसतं बहात्तर पडद्यावर दाखवायला सांगितलं होतं! आणि त्याचा चेहरा खरंच गोंधळलेला. म्हणतो कसा, "पण मॅडम, अपेक्षित उत्तर बहात्तरच आहे ना?"

गुलनारने सगळ्यांना चालवायला सांगितलं. एकेकाचा पडदा पाहत ती खोलीभर फिरली. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. अर्ध्याहून जास्त वर्गाने तेच केलेलं! दुसऱ्या कुठल्या कॉलेजची पोरं असं करणार नाहीत. आमची करणार. पाठ टाचणात एक रकाना असतो — शिक्षकाने काय विचारायचं, आणि शेजारी विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. पाठाच्या आधी आदल्या रात्री तो रकाना भरायचा. वर्गात पोराने तेच उत्तर दिलं की पाठ उत्तम. काही न काही करून तेच उत्तर काढून घ्यायचं. ज्या सराव शाळेत पाठ घ्यायचा, तिथल्या पोरांना तर हे लोक ते उत्तर आधीच सांगून ठेवतात.

मला वाटलं, आता ही मशीनबद्दल काहीतरी सांगेल. तिने खुर्ची ओढली, शिवमच्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "दादा, हा प्रोग्राम तुमी कोन्या पोरासाठी लिहिला?"

शिवम म्हणाला, "सत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तरवाल्यासाठी."

"आन बाकीचे?"

बस्स. एवढंच बोलली ती. कुणी हसलं नाही. शिवमने सगळं खोडलं आणि नव्याने लिहायला बसला. मी मागच्या बाकावर बसून राहिले. खूप वर्षांनी कुणाचा तरी तास संपू नये असं वाटलं.

२१ डिसेंबर

रागही आला थोडा. तो रकाना मीच शिकवते. वाईट नाही तो! तयारी नको का शिक्षकाला?

८ जानेवारी

तास संपल्यावर थांबले. म्हटलं, "मलाही एक मशीन दे." तिने काही विचारलं नाही, फक्त खुर्ची पुढे सरकवली.

सातचा पाढा लिहायला घेतला. चालवला तर — बाप्पा! सात, चौदा, एकवीस... सत्तरवर थांबेल म्हणून पाहते तर हजारांत गेला, लाखांत गेला, थांबायचं नाव नाही. मी घाबरून पडद्याला म्हटलं, "अरे, पुरे!" गुलनार पोट धरून हसली. "थांबायचं कुठं ते तुमी त्याले सांगतलंच नाही, मॅडम. ते बिचारं पळून राहिलं."

दुरुस्त केला. सत्तरवर थांबला. पोरीसारख्या उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. नंतर खाली जाऊन दोघींनी गिला वडा खाल्ला, मी खाऊ घातला. तिचा अब्बा अकोल्यात घड्याळं दुरुस्त करतो. तिला मशीनची आवड तिथली. "पण शिकवायची आवड कुठली?" विचारलं. तर गाल फुगवून म्हणाली, "ते मले बी नाही समजलं अजून."

१९ जानेवारी

मुलाखतीला बसल्यासारखी पोरं बसायची पूर्वी. आता पडद्यावर चूक सांगणारी लाल अक्षरं आली की ओरडून बोलावतात — "मॅडम, इकडं या, काहीतरी झालं!" पहिल्या महिन्यात हेच लाल पाहून दामिनीने पडदाच बंद केला होता. आमच्याकडे लाल म्हणजे शेरा. लाल म्हणजे पाठ पुन्हा घ्या. गुलनारने त्यांना एकच सांगितलं, "हे डांटत नाही तुमाले. तुमाले काय म्हणायचं आहे ते विचारून राहिलं."

किती साधं बोलते ही पोरगी! आणि नेमकं तेव्हा बोलते. मला हे जमायला किती वर्षं लागली, आणि तरी पूर्ण नाही जमलं.

३ फेब्रुवारी

शिवम घरी आला. चहा घेतला नाही, उभाच राहिला.

"मॅडम, हा विषय बंद होऊन राहिला म्हणे. बरं होईन. माझा पाठ आजवर कधी चुकला नाही. इथं रोज चुकतो. दामिनीसारखी पोट्टी माझ्या पुढं गेली. वर्गात सगळे पाहतात. तुमीच लिहून द्या ना, काही उपयोगाचा नाही म्हणून."

लाडका विद्यार्थी दारात येऊन तेच मागतोय जे प्राचार्यांना पाहिजे, आणि मलाही पाहिजे. तिघांचं एकमत! पेन उचलायचं तेवढं बाकी. मी म्हटलं, "पाहू." तो गेल्यावर बराच वेळ ओट्याजवळ उभी राहिले. जून महिना डोळ्यांपुढे आला. पोरं कॉलेजला जातायत आणि मी गॅलरीतून पाहतेय.

६ फेब्रुवारी

शिवम गेल्या तीन तासांना मागे बसून नुसता मोबाइल पाहतो. हे गुलनारला दिसत नसेल असं कसं होईल! आज तिने स्वतःचा एक प्रोग्राम त्याच्यासमोर ठेवला. "दादा, तुमी लिहू नका. तुमी मोडा. हा फसला पायजे, असं काहीबी टाका त्यात."

आमचा शिवम म्हणजे जन्मजात सुपरव्हायझर. दुसऱ्याची चूक शोधायची म्हटल्यावर पठ्ठ्याचे डोळे लकाकले! गुणांच्या जागी 'शंभर' अक्षरात टाकलं — प्रोग्राम फसला. उणे चाळीस टाकलं — निमूट घेतलं त्याने. दोनशे टाकलं — पास! काहीच न टाकता बटण दाबलं — लाल. प्रत्येक वेळी गुलनार कपाळावर हात मारायची, "अर्रर्र! हे तं मी इचारच नाही केला!" मग दोघं मिळून दुरुस्त करायचे. तास संपला तरी शिवम उठेना. जाताना माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. बंद करायचं काही बोलला नाही.

माझ्या हातून गेल्या काही वर्षांत असा रुसलेला पोरगा परत आलाय का? शिवमला मी काय सांगणार होते — धीर धर, सराव कर. तिने त्याच्यातलं जे होतं तेच कामाला लावलं. मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. हे मी लिहिते आहे म्हणजे मलाच नवल वाटतं.

१८ फेब्रुवारी

प्राचार्य जिन्यात भेटले. "अहवाल तयार आहे ना? लय लांबवू नका." म्हटलं, वार्षिक पाठ होऊ द्या.

५ मार्च

अकोला. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दामिनीचा वार्षिक पाठ. हा पाठ म्हणजे वर्षाची कमाई. बाहेरून परीक्षक येतात, शेवटच्या बाकावर बसतात, त्यांनी नापास म्हटलं की वर्ष गेलं. तिने हट्टाने प्रोग्रामिंगचा पाठ घेतला, गुलनारने मिळवून दिलेल्या इथल्या कॉम्प्युटरवाल्या शाळेत, आठवीच्या वर्गावर. परीक्षक नागपूरकडचे, इस्त्रीचा सदरा, हसू नाही. त्यांच्या शेजारी मी. गुलनार दाराशी उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

पोरगी सुरुवातीला अडखळत बोलत होती. मग रंगली. पास-नापास सांगणारा प्रोग्राम होता. पोरं एकेक गुण सांगत होती, मशीन उत्तर देत होतं. ऐंशी — पास. बारा — नापास. खिदळणं. मग एक पोट्टा ओरडला, "मॅडम, पस्तीस टाका! मले पस्तीसच भेटतात!"

टाकलं. नापास.

वर्गात दंगा! "मॅडम, पस्तीसले पास असते!" "हे मशीन पस्तीसवाल्याले नापास करून राहिलं!" परीक्षकांनी पेन उचललं. दामिनीने पडद्याकडे पाहिलं, मग टाचणाकडे. तिच्या टाचणात हे नव्हतं. मी मनातल्या मनात ओरडत होते — पुढे जा! विषय बदल! साठ टाक! आजवर प्रत्येक बॅचला मी हेच सांगत आले, अडलात तर सफाईने पुढे सरका, परीक्षकाला कळू देऊ नका.

दामिनीने खडू खाली ठेवला. म्हणाली, "अरे! माझं काहीतरी चुकलं दिसते. कुठं चुकलं ते मले नाही माहीत. शोधू आपण. बोला, काय वाटते?"

मले नाही माहीत! वार्षिक पाठात! परीक्षकांचं पेन चालायला लागलं.

पोरं अशी तुटून पडली की बाकांवर उभी राहिली. एक म्हणे कॉम्प्युटर जुना आहे. एक म्हणे दोनदा टाकून पाहा. दामिनीने टाकून पाहिलं. कुणालाही नाही म्हणाली नाही, प्रत्येकाचं करून पाहिलं. शेवटी तिसऱ्या बाकावरची शाइस्ता नावाची एक चुणचुणीत मुलगी फळ्यापाशी आली, ओळीवर बोट ठेवलं. "टीचर, तुमी इथं लिहिलं, पस्तीसपेक्षा जास्त असन तं पास. पस्तीस हे पस्तीसपेक्षा जास्त थोडीच आहे?"

मग वर्गाने जो गलका केला! दामिनीने शाइस्तालाच दुरुस्त करायला लावलं. पस्तीस टाकलं. पास. तो पस्तीसवाला पोट्टा बाकावर चढून नाचला.

माझ्या डोळ्यांना धार लागली. रुमाल सापडेना, पदराने पुसलं.

परीक्षक माझ्याकडे वळले. "शिक्षिकेच्या पाठात चूक, आणि वर मला माहीत नाही म्हणते. तुमच्या कॉलेजात हे चालतं का?"

मी म्हटलं, "चालतं. गुण कापायचे तर कापा, सर. पण शेऱ्यात हेही लिहा की चूक वर्गाने शोधली आणि वर्गानेच सुधारली. मी सही करते खाली."

माझ्या तोंडून हे आलं! जेवणाच्या सुट्टीत परीक्षक शाळेच्या बाईंना हळूच विचारत होते, "तो पस्तीसवाला पोरगा कोण हो?"

दामिनी पास आहे. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आजवर माझ्या कुठल्या विद्यार्थ्याची अशी हिंमत झाली नव्हती.

९ मार्च

अहवाल लिहिला. दोन ओळींत नाही बसला.

लिहिलं की हा विषय ठेवावा, आणि गुलनारलाच ठेवावं. कारणं लिहिली. बहात्तरचं लिहिलं, शिवमचं लिहिलं, पस्तीसचं लिहिलं. शिक्षक होणाऱ्याने वर्षातून काही तास तरी अशा ठिकाणी बसावं जिथे उत्तर आधी ठरवता येत नाही, असंही लिहिलं. खाली सही केली. माझ्याच तासांवर सही करत होते की मी.

प्राचार्यांनी उभ्या उभ्या वाचला. चष्मा काढला. "मॅडम, तुमाले समजते ना याचा अर्थ काय होते?"

"गणित कच्चं नाही माझं, सर."

ते हसले नाहीत. म्हणाले, "घरी करमन का तुमाले?" म्हटलं, नाही करमणार. खरं तेच सांगितलं.

गुलनारला यातलं काही सांगायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पोरीला उगाच ओझं नको.

२ एप्रिल

मंजूर. विषय राहिला. गुलनार नाचत आली, माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमी काय लिहिलं तरी काय?" म्हटलं, "मांडणी आकर्षक, अक्षर वळणदार." बाहेर येऊन स्टाफरूममधलं माझं कपाट रिकामं केलं. जुने तक्ते, भूमितीची पेटी, एक तुटकी पट्टी. शिवमने उचलून रिक्षात ठेवलं सगळं. विचारलं त्याने, "मॅडम, सगळंच नेऊन राहिल्या?" मी म्हटलं, साफसफाई.

२७ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. लीलाबाईंबरोबर भजनाला गेले. सूर लागला नाही.

११ जून

कॉलेजं सुरू व्हायची चाहूल. राजापेठेत क्लासच्या पोरांच्या गाड्या सुरू झाल्या. दुपारी झोप येत नाही. जुन्या लॅपटॉपवर पाढे करत बसते, आता तीसपर्यंतचे एका झटक्यात येतात. कुणाला दाखवणार!

२२ जुलै

प्राचार्यांचा फोन. गुलनारने काम सोडलं! कारण नाही, काही नाही, दोन ओळींचा मेल. "आता काय करता, मॅडम? विषय यंदा बंद ठेवू. तुमी या, तुमचे गणिताचे तास घ्या पयल्यासारखे."

म्हणजे जे मी दिलं होतं ते सगळं परत! दारात आणून ठेवलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला तो संताप. तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. या पोरीसाठी मी काय केलं हे तिला माहीत नाही, कबूल. पण त्या वर्गासाठी तरी! इतकी कशी कोरडी निघाली?

२३ जुलै

सकाळी प्राचार्यांना सांगून आले. विषय बंद करायचा नाही. माझे गणिताचे तास नकोत, ती जागा याच विषयाला राहू द्या. हा तास मी घेते.

"तुमाले येते का पन ते?"

"थोडं येतं. जिथे नाही येणार, तिथे पोरांना सांगेन की नाही येत."

बोललेलं परत घेतलं नाही.

४ ऑगस्ट

नव्या बॅचचा पहिला तास. दारात पाय ठेवला आणि थबकले. पहिल्या बाकावर, आमच्या बी.एड.च्या नव्या कोऱ्या गणवेशात, गुलनार बसलेली. प्रवेश घेतलाय तिने! रीतसर, परीक्षा देऊन, पहिल्या फेरीत. उठून उभी राहिली. "मॅडम, प्राचार्य सर बोलून गेले सगळं, तुमी तुमचे तास सोडले ते. मी हटली तं तुमाले ते वापस भेटतीन, म्हणून सोडलं. आन मले शिकवता येते म्हणून सगळे म्हणतात, पन मले कोणी शिकवायचं शिकवलंच नाही. ते तुमच्याकडून शिकायचं आहे. पयले सांगतलं असतं तं तुमी मले नोकरी सोडू देल्ली नसती." खडू हातात घेतला, फळ्याकडे वळले, आणि पाठमोरी असतानाच मागून तिचा तो खणखणीत आवाज आला, "मॅडम, तास सुरू करा ना."

केला.